आप्पांचा गुडघा आणि चौदा इंची चाक

माझे साडू चोपड्याला असतात. नात्यात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. ठिबक बसवून देणाऱ्या एका विक्रेत्याकडे ते फिरतीवर आहेत. शेत मोजायचं, लॅटरल, म्हणजे ओळीतून टाकायच्या बारीक नळ्या, किती लागतील त्याचा हिशोब करायचा, माल उतरला की उभं राहून बसवून घ्यायचं आणि पुढे दोन-तीन वर्षं ‘ड्रिपर चोंदलेत’ या फोनला उत्तर द्यायचं, असं कामाचं स्वरूप. अडावद, धानोरा, किनगाव, यावल हा नेहमीचा पट्टा. आठवड्यातून एकदा विदगावच्या पुलावरून तापी ओलांडून जळगाव. दिवसाला सरासरी ७० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस. वर्षाला २१,००० किलोमीटर भरतात. अठरा वर्षं हे सगळं १०० सीसीच्या मोटारसायकलींवर झालं. एक थकली की तशीच दुसरी.

२०२४ च्या जानेवारीत केळीच्या बागेत पाटाच्या कडेवरून त्यांचा पाय घसरला आणि डावा गुडघा पिळवटला. आतली कूर्चा फाटली होती. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, सहा आठवडे घरी. नंतर डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या : उकिडवं बसायचं नाही आणि डाव्या पायाला वारंवार झटका बसेल असं काही करायचं नाही. आता मोटारसायकलीचा गियर असतो डाव्या पायाशी. गावातून, गतिरोधकांवरून, बैलगाडीच्या मागून दिवसभर फिरणारा माणूस किती वेळा गियर बदलतो, हे मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही. शेकड्यांनी बदलतो एवढं नक्की.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा निदेशक होतो, आता निवृत्त आहे. नात्यातली प्रत्येक गाडी घेण्याआधी माझ्याकडे विचारायला येते आणि घेतल्यावर तक्रार घेऊन येते. तसे आप्पाही आले. “भाऊ, पायाने गियर नको, पण हायवेला डंपरच्या तोंडी द्यायचीही गाडी नको,” असं त्यांनी एका वाक्यात सांगितलं. पुढचं सगळं प्रकरण या एका वाक्याचंच आहे.

जे पर्याय आधीच गळाले

पहिला प्रयोग शेजाऱ्यांच्या ११० सीसी स्कूटरवर दोन आठवडे केला. गुडघ्याला आराम पडला, पण कंबर धरली. त्याहून वाईट म्हणजे जळगावच्या रस्त्याला वाळूचा डंपर किंवा केळीचा ट्रक मागून आला की आप्पांना साइडपट्टीवर उतरावं लागायचं. पुढे निघायला स्कूटरमध्ये जोर शिल्लकच नसायचा. साठच्या पुढे मूठ पूर्ण पिळलेलीच. आणि साइडपट्टी म्हणजे डांबराच्या खाली चार बोटं उतरलेली खडी. छोट्या चाकाची गाडी त्या कडेवरून परत वर घेताना काय होतं, ते ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको.

विजेच्या स्कूटरचाही विचार झाला. आप्पांचं घर चोपड्यात, तिथे रात्रभर चार्जिंग जमलं असतं. पण कुठल्या दिवशी ७० किलोमीटर आणि कुठल्या दिवशी १३० होतील, हे शेतकऱ्याच्या फोनवर ठरतं. मे महिन्यात ४५ अंशात यावलला अडकायची त्यांची तयारी नव्हती. मीही आग्रह केला नाही. चारचाकी बागेच्या बांधापर्यंत जात नाही, आणि पगारही तेवढा नाही. राहिली मोठ्या इंजिनाची स्कूटर.

‘मोठी’ म्हणजे किती

आपल्याकडे ‘मोठी स्कूटर’ म्हटलं की १५०-१६० सीसी. जगात हा शब्द फार वरून सुरू होतो. यामाहाची टीमॅक्स २००१ मध्ये ५०० सीसीच्या वर्गात आली, सुझुकीची बर्गमन ६५० त्याच्या पुढच्या वर्षी; दोन सिलिंडर, मोटारसायकलीला मागे टाकेल असा वेग. युरोपात लोक सूट घालून त्यावरून कामाला जातात. भारतात बीएमडब्ल्यूने २०२१ मध्ये ३५० सीसीची सी ४०० जीटी आणली, तेव्हा तिची किंमत ९ लाख ९५ हजार होती. चोपड्यात तेवढ्यात ट्रॅक्टर येतो आणि वर रोटाव्हेटरही.

आपल्या खिशातला इतिहास वेगळाच आहे. पुण्याच्या कायनेटिकने २००६ मध्ये १६५ सीसीची ब्लेझ बाजारात आणून पाहिली होती. ती चालली नाही. तेव्हा गिऱ्हाईकच तयार नव्हतं. पुढे २०१८ मध्ये सुझुकीची बर्गमन स्ट्रीट आली, दिसायला मोठी पण इंजिन १२५ सीसीचं. २०२० च्या डिसेंबरमध्ये एप्रिलियाची एसएक्सआर १६० आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये यामाहाची एरॉक्स १५५ आली. एरॉक्सचं इंजिन पाण्याने थंड होणारं, ताकद १५ पीएस, म्हणजे जवळपास तेवढीच अश्वशक्ती. आपल्या १०० सीसी मोटारसायकलीची आठच्या आसपास असते, म्हणजे जवळपास दुप्पट. २०२५ च्या जानेवारीत हीरोने झूम १६० दाखवली, पण तोपर्यंत आमचा निर्णय होऊन गेला होता.

आप्पांनी यातली कोणती घेतली, हे मी इथे सांगत नाही. पुढे तिच्याबद्दल बरंवाईट दोन्ही येणार आहे आणि त्यातलं बरंचसं त्या कंपनीचं नसून या प्रकारच्या गाडीचंच आहे.

ओट्यावर खडूने केलेला हिशोब

शोरूमला गेलो की विक्रेता आधी सीसी सांगतो, मग ब्लूटूथ. मी आप्पांना ओट्यावर बसवलं आणि खडूने तीन वर्तुळं काढली.

टायरवर आकडे लिहिलेले असतात. साध्या स्कूटरच्या मागच्या टायरवर ९०/१००-१० असतं : रुंदी ९० मिलिमीटर, उंची रुंदीच्या १०० टक्के, रिम दहा इंची. म्हणजे चाकाचा बाहेरून व्यास सुमारे ४३ सेंटीमीटर. चौदा इंची रिमवर ११०/८० टायर असेल तर तो व्यास ५३ सेंटीमीटर होतो. आणि १०० सीसी मोटारसायकलीचं ८०/१००-१८ चाक ६२ सेंटीमीटरच्या जवळ जातं.

आता आपल्या रस्त्यावरचा नेहमीचा खड्डा घ्या, वीतभराहून थोडा जास्त, २५ सेंटीमीटर लांबीचा. वर्तुळाचं साधं गणित केलं तर दहा इंची चाक त्यात ४ सेंटीमीटर उतरतं, चौदा इंची ३.१ आणि अठरा इंची २.६. कागदावर फरक मिलिमीटरचा दिसतो. पण तेवढं उतरून चाकाला पुढच्या कडेवर चढायचं असतं, आणि जितकं लहान चाक तितकी ती चढण अंगावर येते. साठच्या वेगात हाच फरक कंबरेला कळतो. आप्पांनी आकडे दोनदा पाहिले आणि म्हणाले, “म्हणजे मोटारसायकल ती मोटारसायकलच.” बरोबर होतं त्यांचं. चौदा इंची चाक मोटारसायकलीची बरोबरी करत नाही, पण दहा इंचीपेक्षा मोटारसायकलीकडे जास्त झुकतं. त्या दिवशी आम्ही ठरवलं : चौदा इंचाच्या खाली गाडी बघायचीच नाही, मग तिचं इंजिन कितीही मोठं असो. या एका अटीने यादी निम्मी झाली.

दुसरी अट कायद्याने आयती दिली. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडू न देणारी व्यवस्था, सक्तीचं आहे. आम्ही गाडी बघत होतो तेव्हा १२५ पर्यंत दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी व्यवस्था चालायची. केळीची पानं, पावसाचं पहिलं पाणी आणि ट्रकमधून गळालेलं डिझेल या तिन्हींचा चिखल ज्या रस्त्यावर होतो, तिथे पुढचं चाक अडून न बसणं ही चैन नव्हे. १२५ वर थांबायचं नाही, याचं माझं खरं कारण हे होतं, ताकद नंतरची.

एक गोष्ट मात्र आम्हाला उशिरा कळली. त्रयस्थ विम्याचा दर सीसीवर ठरतो आणि १५० ला पायरी आहे. तेव्हा ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये होते, १५० च्या पुढे ३५० पर्यंत १,३६६. नव्या गाडीचा हा विमा पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो : ३,८५१ विरुद्ध ७,३६५. गाडी पाच-दहा सीसीने पायरीपलीकडे, आणि पैसे जवळपास दुप्पट. आप्पांनी बिल पाहून माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो दर मीच ठरवला होता.

२०२४ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गाडी घरी आली. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तो विषय आम्ही जेवताना काढत नाही.

“बायकोनी गाडी लई उना का?”

पहिल्या आठवड्यात अडावदच्या चौकात कुणीतरी हटकलंच : “काय भो, बायकोनी गाडी लई उना का?” म्हणजे, बायकोची गाडी घेऊन आलास का? आप्पा हसले; पण घरी येऊन गाडी आडबाजूला लावली, हे मेव्हणीने मला सांगितलं.

गंमत अशी की याच भागात एकेकाळी स्कूटर ही पुरुषाची गाडी होती. चेतक १९७२ पासूनची. शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले साहेब सगळे तिच्यावर. लग्नात जावयाला स्कूटर देणं ही प्रतिष्ठा होती. आणि तिचा गियर होता डाव्या हाताला! आप्पांचा गुडघा त्या काळात दुखावला असता तर प्रश्नच आला नसता. १९८४ मध्ये कायनेटिक होंडाने गियरच काढून टाकला, मग मोटारसायकलींचं ॲव्हरेज आलं, गावोगाव त्याच झाल्या, २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणंच थांबवलं, आणि मधल्या काळात स्कूटर ‘लेडीज’ ठरली. तीन पिढ्यांत गाडीचं लिंग असं बदललं. चौकातल्या त्या माणसाच्या वडिलांकडे प्रिया स्कूटर होती, हे आप्पांना पक्कं आठवत होतं; पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

मेव्हणीकडे विना गियरचं लायसन्स आहे. मोटारसायकल असताना घरातली गाडी आप्पांचीच असायची. आता रविवारी ती तिचीही झाली. हा फायदा आमच्या कागदावर कुठेच लिहिलेला नव्हता.

रस्त्यावर

जळगाव-धुळे महामार्गावर, एरंडोल-पारोळ्याकडून, मी स्वतः मागे बसून गेलो. दोघांचं वजन मिळून दीड क्विंटल. सत्तर-पंच्याहत्तरला गाडी निवांत चालते आणि मूठ अजून निम्मी शिल्लक असते. हायवेला महत्त्वाचं तेच. गाडी किती पळते यापेक्षा साठवरून ऐंशीवर किती पटकन जाते, यावर ट्रकच्या शेजारून सुटका ठरते. १०० सीसी मोटारसायकलीला त्यासाठी एक गियर खाली घेऊन वाट बघावी लागते. इथे फक्त मूठ पिळायची. पुलावरच्या आडव्या वाऱ्यात मात्र मोठ्या चाकाची मोटारसायकल जास्त ठाम राहते. स्कूटरचं अंग रुंद, चाक लहान. तापीवर आषाढात ती थोडी डुलते.

मागे बसणाऱ्याची एक तक्रार खरी आहे. अशा स्कूटरचं इंजिन चौकटीला घट्ट बसवलेलं नसतं, ते मागच्या चाकाबरोबरच वरखाली होतं. त्यामुळे चाकाबरोबर उसळणारं वजन वाढतं आणि शॉकअपला ते आवरत नाही. चालवणाऱ्याला खड्डा एकदा लागतो, मागच्याला दीडदा. टीमॅक्सने इंजिन चौकटीत पक्कं बसवलं ते याचसाठी. आपल्या किमतीत ते मिळत नाही.

आणि तो मधला कणा! साध्या स्कूटरला पायाशी सपाट फळी असते. खानदेशात ती फळी म्हणजे निम्मी गाडी : युरियाची ४५ किलोची गोणी, गॅसची टाकी, दुधाचा कॅन, पेंडीचं पोतं. खेळकर बांध्याच्या बऱ्याच मोठ्या स्कूटरना तिथे मधून उंचवटा असतो, पेट्रोलची टाकी त्यात. आप्पांच्या गाडीलाही आहे. गोणी ठेवता येत नाही. बसताना पाय त्यावरून उचलून न्यावा लागतो, मोटारसायकलीएवढा नाही, पण लागतो. गाडी आल्यानंतरचे पहिले तीन महिने आप्पांना तेवढंही जड गेलं. मेव्हणी साडीत चालवते तेव्हा तिचीही पंचाईत. गाडी घेताना आम्ही चाकाकडे इतकं बघत बसलो की फळीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ही चूक माझी.

भरपाई सीटखाली मिळाली. तिथल्या डिक्कीत ग्रोमेट, जॉइनर, एंड कॅप, पाना, टेप, दोन व्हेंच्युरी आणि वर दुपारच्या भाकरीचा डबा मावतो. हेल्मेट वेगळं टांगावं लागतं. मोटारसायकलीवर हे सगळं हँडलला लटकणाऱ्या पिशवीत असायचं आणि पावसात भिजायचं.

काळ्या मातीत

आता प्रकरणाची पडती बाजू. श्रावणात, कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी, अडावदजवळच्या एका शेतात व्हॉल्व्ह फुटल्याचा फोन आला. रस्त्यापासून बाग अर्धा किलोमीटर, वाट काळ्या मातीची, रात्री पाऊस होऊन गेलेला. अठरा वर्षं त्याच वाटेने मोटारसायकल गेली होती. स्कूटर दीडशे पावलं गेली आणि थांबली. पुढचं चाक फिरेना.

कारणं तीन, आणि तिन्ही गाडीच्या बांधणीतच. काळी माती ओली झाली की टायरला थरावर थर चिकटत जाते. स्कूटरचा टायर रुंद, म्हणून माती जास्त उचलतो, आणि पुढचा मडगार्ड टायरला खेटून असल्याने ती मधेच गच्च बसते. मोटारसायकलीचं अरुंद चाक थर कापत जातं. शिवाय शेतकरी तिचा पुढचा मडगार्ड पावसाळ्यात काढूनच ठेवतात. दुसरं, गाडीचं पोट खाली. एरॉक्ससारख्या गाडीचं जमिनीपासूनचं अंतर १४५ मिलिमीटर, १०० सीसी मोटारसायकलीचं १६५. त्या दोन सेंटीमीटरांत बैलगाडीच्या चाकोरीमधला उंचवटा बसतो किंवा पोटाला घासतो. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चिखलात मोटारसायकलस्वार पहिला गियर टाकतो आणि क्लच अर्धा धरून चाकाला थेंबाथेंबाने जोर देतो. विना गियरच्या स्कूटरमध्ये क्लच आपल्या हातात नसतो. इंजिन ठरावीक वेगाने फिरलं की तो आपोआप पकडतो आणि पकडला की चाक एकदम गरकन फिरतं. चिखलात तसं फिरलं की गाडी पुढे जात नाही, खाली जाते.

बागेतल्या चार गड्यांनी गाडी उचलून रस्त्यावर आणली. माती काडीने कोरून काढायला पाऊण तास गेला. व्हॉल्व्ह त्या दिवशी आप्पांनी चालत जाऊन बसवला, गुडघ्याला पट्टा बांधून.

त्यानंतर व्यवस्था बदलली. जुनी मोटारसायकल विकायला काढली होती, ती विकली नाही. अडावदला विक्रेत्याचं गोदाम आहे, तिथे ती ठेवली. पाऊस असेल तेव्हा आप्पा गोदामापर्यंत स्कूटरने येतात, पुढे मदतनीस पोरगा मोटारसायकल चालवतो आणि आप्पा मागे बसतात. विक्रेत्याला हे पटवायला महिना लागला. आता तोच म्हणतो की पोरगा सोबत गेल्याने काम लवकर उरकतं.

गड उतरताना

चैत्रात सप्तशृंगीच्या यात्रेला खानदेशातून माणसं पायी निघतात. आप्पाही पूर्वी जायचे. २०२५ ला पायी शक्य नव्हतं, म्हणून दोघं स्कूटरने गेले : अमळनेर, धुळे, मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी. नांदुरीपासून गडावर दहा किलोमीटरचा घाट. चढताना काही अडचण आली नाही. डबलसीट, सामान, तरी गाडी कुठे कण्हली नाही. उतरताना अर्ध्यावर मागच्या ड्रम ब्रेकचा करपल्यासारखा वास यायला लागला आणि ब्रेकचा दांडा सैल लागू लागला. आप्पांनी गाडी बाजूला घेऊन मला फोन केला.

मोटारसायकलीवर घाट उतरताना आपण दुसऱ्या गियरवर इंजिनाकडूनच गाडी अडवून घेतो. स्कूटरमध्येही इंजिन अडवतं, पण क्लच पकडलेला असेल तोवरच. मूठ पूर्ण सोडून वेग फार कमी केला की क्लच सुटतो आणि गाडी उतारावर मोकळी धावते. सगळा भार ब्रेकवर. मी सांगितलं : अर्धा तास थांबा, ड्रमवर पाणी ओतू नका, मग निघताना मूठ जराशी पिळून क्लच पकडू द्या, वेग पार बैलगाडीवर आणू नका आणि पुढची डिस्क जास्त वापरा. खाली सुखरूप उतरले. खरं तर हे गाडी ताब्यात देताना विकणाऱ्याने सांगायला हवं. आमच्या बाबतीत मोबाइल गाडीला कसा जोडायचा हे वीस मिनिटं समजावलं गेलं, घाटाचं नाव निघालं नाही.

पट्टा, बॅटरी आणि पैसे

या गाडीला चेन नसते, रबरी बेल्ट असतो. पुढच्या व्हेरिएटरमध्ये, म्हणजे बेल्टच्या पुढच्या कप्पीत, छोटे रोलर असतात. वेग वाढला की ते बाहेर सरकतात, बेल्ट वर चढतो आणि आपोआप ‘गियर’ बदलतो. बेल्टच्या खोक्याला थंड हवा लागते, ती स्पंजच्या गाळणीतून येते. एप्रिल-मे मधली आपली धूळ ती गाळणी चोंदवते, आत उष्णता कोंडते, बेल्ट वेळेआधी कडक होतो. आप्पांच्या गाडीचा पिकअप अठरा हजार किलोमीटरला मंदावला. मेस्तरीने खोकं उघडलं तर रोलर एका बाजूने सपाट झालेले आणि बेल्टला बारीक भेगा. सुटा भाग यायला अकरा दिवस लागले. १०० सीसीचा चेन-स्प्रॉकेट चोपड्यात कुठल्याही दुकानात दहा मिनिटांत मिळतो. अकरा दिवस आप्पा एसटीने फिरले. तेव्हापासून एक बेल्ट आणि रोलरचा संच घरी फडताळात असतो, आणि गाळणी दर महिन्याला फुंकून साफ होते. ती साफ करायला मीच शिकवलं.

बॅटरीचा धडा धानोऱ्याला मिळाला. गाडीला किक नाही. बॅटरी बसली आणि आप्पांनी सवयीने धक्का मारून पाहिला. पण धक्क्याने चाक फिरलं तरी क्लच सुटलेला असतो, इंजिनापर्यंत काही पोचत नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून काम झालं.

पेट्रोलचा हिशोब आप्पांच्या डायरीतला आहे. मोटारसायकल लिटरला ६० द्यायची, ही ४० देते. वर्षाच्या २१,००० किलोमीटरला ३५० लिटरऐवजी ५२५ लिटर. १०५ रुपये भाव धरला तर वर्षाला १८,००० च्या वर जास्त, म्हणजे महिन्याला दीड हजार. बेल्ट, रोलर, लवकर झिजणारं मागचं टायर धरून मी ते दोन हजार मानतो. टाकीही लहान, मोटारसायकलीला आठवड्यातून दोनदा पंपावर जायचे, आता एक दिवसाआड.

म्हणून कुणी ‘स्वस्तातला पर्याय’ म्हणून मोठी स्कूटर सुचवली तर मी लगेच नाही म्हणतो. शिरपूरचे एक शिक्षक मित्र विचारायला आले होते. घर ते शाळा चौदा किलोमीटर, सरळ डांबरी, गुडघे ठणठणीत. त्यांना मी मोटारसायकलच घ्यायला लावली. आप्पांच्या बाबतीत दोन हजार रुपयांच्या बदल्यात जे मिळतं, ते म्हणजे नोकरी. गेल्या तपासणीत डॉक्टरांनी गुडघा चांगला असल्याचं सांगितलं, हवं तर मोटारसायकल चालवा म्हणाले. आप्पांनी अडावदच्या गोदामापासून बागेपर्यंत एकदा चालवून पाहिली आणि किल्ली पोराला परत दिली.

पुढच्या चैत्रात पुन्हा गडावर जायचं ठरतंय. जाण्याआधी मागचे ब्रेक लायनर बदलून घ्या आणि पुढचं टायर दाखवून जा, असं मी सांगितलंय. मेव्हणीचा फोन आला होता : “भाऊजी, घाटात मूठ किती धरून ठेवायची ते मला नीट सांगा. चढताना ते चालवतील, उतरताना मी.”